आजार तुमचा, मोबाईल कुणाकुणाचा?



एरवी मी इथे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, ताप-खोकला यांवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल. आज तुमच्या हातातल्या मोबाईलबद्दल बोलायचं आहे. डॉक्टरनं आपलं काम सोडून यात कशाला पडायचं, असं वाटत असेल तर जरा शेवटपर्यंत वाचा. हा आरोग्याचाच विषय आहे. मला तो समजला माझ्याच दवाखान्यात झालेल्या एका चुकीमुळे.

पुढची हकीकत जिची आहे तिला विचारूनच लिहितो आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माझ्या दवाखान्यात काय झालं

साधारण सत्तावीस वर्षांची एक सून माझ्याकडे आली. डोकं सतत दुखतं, झोप नाही, जेवण जात नाही, वजन उतरलं आहे. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल. दुसऱ्या भेटीत मी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि तिच्याशी वीस मिनिटं बोललो. तेव्हा ती मोकळी झाली. बाळंतपणाला सहा महिने झाले होते. पहाटे जाग येते आणि रडू येतं, बाळाकडे बघूनही बरं वाटत नाही, आपण आई व्हायच्या लायकीचेच नाही असं वाटत राहतं. नैराश्याची ही सरळ सरळ लक्षणं होती. हा आजार आहे, तुझा दोष नाही, औषधानं बरं वाटतं, असं तिला समजावलं. गोळी लिहून दिली, मानसोपचारतज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी दिली. निघताना ती म्हणाली, "डॉक्टर, घरी मीच सांगेन. आधी ह्यांना सांगते, मग बाकीच्यांना." मी म्हटलं, "तुझ्या सवडीनं सांग."

त्याच्या काही महिने आधी आम्ही दवाखान्याचं काम कॉम्प्युटरवर नेलं होतं. प्रिस्क्रिप्शन लिहून बटण दाबलं की त्याची पीडीएफ पेशंटच्या व्हॉट्सॲपवर आपोआप जाते. मला ही सोय फार आवडली होती. माझं अक्षर वाचता येत नाही ही तक्रार त्यानं कायमची संपली होती.

तिच्या केसपेपरवर नंबर होता तो थोरल्या दिरांचा. लग्नानंतर ती पहिल्यांदा तापासाठी आली तेव्हा दीर बरोबर होते. काउंटरवर "मोबाईल नंबर?" असं विचारलं, त्यांनी आपला सांगितला. हा नंबर कोणाचा, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

दिरांनी पीडीएफ उघडली. माणूस वाईट नाही. हिला नेमकं काय झालं आहे या काळजीनं त्यांनी ती घरच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपवर तीसेक माणसं, त्यात पुण्या-मुंबईचे चुलते, आत्या, मावसभाऊ. कुणीतरी गोळीचं नाव गुगलवर शोधलं आणि लिहिलं, "ही वेडाची गोळी आहे." रात्रीची जेवणं व्हायच्या आत सगळ्या गोतावळ्याला कळलं होतं. नवऱ्याला ते तिच्याआधी ग्रुपवरून कळलं.

पुढच्या तारखेला ती आली नाही. आमच्याकडून कुणी चौकशीही केली नाही. ती आली आठ महिन्यांनी, आईबरोबर. गोळ्या चौथ्या दिवशीच बंद झाल्या होत्या आणि ती माहेरी गेली होती. मधल्या काळात एकदा जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा विचार तिच्या मनात आला होता, हे तिच्या आईनं मला हळू आवाजात सांगितलं. ती स्वतः एवढंच म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून तुम्हाला सांगितलं होतं."

मी कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या कॉम्प्युटरनं सांगितलं होतं. पण हा फरक तिला समजावून सांगायला तोंड नव्हतं. मी तिची माफी मागितली.

गुप्तता हा उपचाराचाच भाग आहे

पेशंटनं सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात. हिपोक्रेटिसच्या शपथेत ते आहे. आपल्या चरकसंहितेतही वैद्याला बजावलेलं आहे की रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतही ते स्पष्ट लिहिलेलं आहे. कोर्टानं मागितलं, कायद्यानं कळवणं भाग असलेला आजार असला किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असला, तरच अपवाद.

याला फक्त नीतिमत्ता समजू नका. पेशंट खरं बोलला तरच निदान होतं, म्हणून हा नियम आहे. दोन उदाहरणं देतो.

रोज दारू पिणारा माणूस ऑपरेशनसाठी दाखल होतो. बायको-मुलांसमोर विचारलं म्हणून "नाही, कधीतरी" असं सांगतो. दारू अचानक बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, तो बरळायला लागतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, कधी फिट येते. खरी माहिती आधी असती तर पहिल्या दिवसापासून औषध देऊन हे बरंचसं टाळता आलं असतं.

दुसरं, छातीत दुखतं म्हणून साठीचे गृहस्थ येतात. लैंगिक ताकदीची गोळी घेतलेली असते, पण मुलगा शेजारी उभा असल्यामुळे सांगत नाहीत. अशा वेळी जिभेखाली ठेवायची नेहमीची गोळी दिली तर दोन्ही औषधं मिळून रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. एक वाक्य न बोलल्यानं जीव जाऊ शकतो.

टीबीचे, गुप्तरोगाचे, मनाच्या आजाराचे पेशंट आपल्या गावातला डॉक्टर सोडून चाळीस किलोमीटर लांब जातात, तेही उशिरा. कारण एकच, बातमी फुटायची भीती. म्हणून मी म्हणतो, गुप्तता गेली की उपचार अर्धे गेले. आणि हल्ली ती जाते बहुतेक वेळा मोबाईलमधून.

"डॉक्टर, फोन ऐकतो का हो?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. "गुडघे दुखतात असं बायकोला म्हणालो, दुसऱ्या दिवशी फोनवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात!"

माझं उत्तर असं, की ऐकायची त्याला गरजच पडत नाही. तुम्ही गुडघ्याचे व्यायाम दाखवणारे दोन व्हिडिओ पाहिले होते. बायकोनं त्याच घरच्या वायफायवर तेल शोधलं होतं. तुमचा फोन तासभर हाडांच्या दवाखान्यात होता आणि लोकेशन चालू होतं. औषधाच्या दुकानात दहा टक्के सवलतीसाठी तुम्ही नंबर दिला होता. आम्ही डॉक्टर तरी काय करतो? चार लक्षणं जुळवून निदान करतो. जाहिरातीचा धंदा तेच करतो, फक्त तुम्हाला न तपासता.

यातला दुकानाचा नंबर लोकांना किरकोळ वाटतो. पण औषधांची यादी म्हणजे आजारांची यादी. मेटफॉर्मिन दिसलं की बहुधा मधुमेह, टॅम्सुलोसिन दिसलं की बहुधा प्रोस्टेट, लिथियम दिसलं की मनाचा आजार. फार्मसीचं पहिल्या वर्षाचं पोरगंही हे सांगेल. मग तुमच्या नंबरापुढे दर महिन्याला तीच यादी चढत असेल तर कॉम्प्युटरला का कळणार नाही?

ॲपला सांगितलेलं कुठे जातं?

हे माझ्या मनचे तर्क नाहीत. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन नावाची सरकारी संस्था ग्राहकांच्या तक्रारींची चौकशी करते. तिची तीन प्रकरणं तुम्हाला माहीत असावीत.

पहिलं, फ्लो हे पाळीची नोंद ठेवणारं ॲप. दहा कोटींहून जास्त स्त्रियांनी ते वापरलं. माहिती खासगी ठेवू असं आश्वासन होतं. प्रत्यक्षात ती फेसबुक, गुगल वगैरे कंपन्यांच्या यंत्रणेकडे जात होती, असा आरोप कमिशननं ठेवला आणि २०२१ मध्ये कंपनीनं तडजोड मान्य केली. हे घडतं कसं, ते बघण्यासारखं आहे. ॲप बनवणारे सगळं स्वतः लिहीत नाहीत, मोठ्या कंपन्यांचे तयार तुकडे त्यात जोडतात. तुम्ही एखादं बटण दाबलं की तो तुकडा आपल्या मालकाला कळवतो, "अमुक फोनवर अमुक घडलं." फ्लोमध्ये काही नोंदींच्या नावातच गरोदरपणाचा शब्द होता. म्हणजे एखादीनं कितवा आठवडा ते निवडलं की सासरी पेढे वाटायच्या आधी जाहिरात कंपनीच्या यंत्रणेत नोंद.

दुसरं, गुडआरएक्स. औषधांवर सवलतीची कुपनं देणारी कंपनी. लोक कोणतं औषध शोधतात ही माहिती जाहिरातींसाठी पुरवल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये पंधरा लाख डॉलर दंड भरायचं तिनं मान्य केलं.

तिसरं, बेटरहेल्प. ऑनलाइन समुपदेशन देणारी कंपनी. सुरुवातीला ती प्रश्नावली भरून घेते, कधी नैराश्य होतं का, औषध चालू आहे का वगैरे. ही माहिती खासगी राहील असं सांगून लोकांचे ईमेल पत्ते आणि उत्तरं जाहिरात कंपन्यांना दिल्याचा आरोप झाला. २०२३ मध्येच ७८ लाख डॉलर देण्याची तडजोड झाली.

यात हॅकर नव्हता, चोर नव्हता. रोजचा व्यवहार म्हणून हे चाललं होतं. डॉक्टरनं असं केलं तर त्याची नोंदणी धोक्यात येते. ॲपनं कुठलीही शपथ घेतलेली नसते.

आणि चोरी झाली तर?

फिनलंडमधलं वास्तामो हे मानसोपचार केंद्रांचं मोठं जाळं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरमधून हजारो पेशंटची नावं, पत्ते आणि समुपदेशकानं लिहिलेल्या नोंदी चोरीला गेल्या. आधी कंपनीकडे खंडणी मागितली. मग ऑक्टोबर २०२० मध्ये चोरानं थेट पेशंटना ईमेल पाठवले, दोनशे युरो द्या, नाहीतर तुमच्या नोंदी जाहीर करतो. कंपनी पुढे दिवाळखोरीत निघाली. आरोपीला २०२४ मध्ये सहा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. पण जे वाचलं गेलं ते परत झाकता येत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, आजार फुटला तर बदलता येत नाही.

ट्वेंटीथ्री अँड मी ही लाळेवरून जनुकीय तपासणी करणारी कंपनी. तिच्यावर २०२३ मध्ये हल्ला झाला. थेट उघडली गेली ती सुमारे चौदा हजार खाती. पण त्यात नातेवाईक शोधायची सोय होती, तिच्यातून जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लोकांना प्रश्न पडला, आता आपली माहिती कोणाच्या हाती जाणार? जनुकं तुमची एकट्याची नसतात, भावंडांची आणि मुलांचीही असतात. तुम्ही नळीत थुंकता तेव्हा त्यांच्या वतीनंही थुंकता.

लांब कशाला जा, आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं हातानं कागदावर चालली. हे तिथे होऊ शकतं, तर माझ्यासारख्याच्या दवाखान्यातल्या एका कॉम्प्युटरची काय कथा?

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात आणि एचआयव्हीविषयीच्या कायद्यात गुप्ततेची स्वतंत्र तरतूद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. त्यानुसार तुमची माहिती कशासाठी घेतली हे सांगावं लागतं, तुम्ही दिलेली संमती परत घेऊ शकता आणि माहिती पुसायला सांगू शकता. कंपनीनं सुरक्षा नीट ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

कायदा चांगला आहे. माझी एक तक्रार आहे. त्यात आरोग्याच्या माहितीचा वेगळा, जास्त कडक वर्ग केलेला नाही. तुमचा पत्ता आणि तुमचा कॅन्सरचा रिपोर्ट यांना एकाच रांगेत बसवलं आहे.

'आभा' क्रमांकाबद्दलही बरेच जण विचारतात. हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथे राहतो आणि तुमच्या संमतीनं दुसऱ्या डॉक्टरला दिसतो, अशी त्याची रचना आहे. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना आणि जुनाट आजार असणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. फक्त तो काढताना मोबाईल नंबर तुमचा स्वतःचा जोडा. संमती कोणाला आणि किती दिवसांसाठी देता ते वाचा. कॅम्पमध्ये घाईत कुणाच्याही नंबरावर काढून घेऊ नका.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

असं म्हणणारे बहुतेक पेशंट पन्नाशीपुढचे पुरुष असतात, हे मी पाहिलं आहे. त्यांना मी म्हणतो, तुमच्या सुनेला विचारा. लग्न ठरायच्या बेतात असलेल्या भाचीला विचारा, जिला लहानपणापासून फिट येतात. कंत्राटी नोकरी असलेल्या पुतण्याला विचारा, ज्याची टीबीची औषधं चालू आहेत. घराचा मोबाईल ज्याच्या खिशात असतो, त्याला खासगीपणाची उणीव कधी जाणवत नाही. ज्याच्या हातात स्वतःचा फोन नसतो, त्याला ती जाणवते.

आपल्याकडचा हा मुद्दा परदेशी लेखांत सापडत नाही. ते गृहीत धरतात की एक फोन म्हणजे एक माणूस. आमच्या गावात एक फोन म्हणजे एक घर. सासूबाईंचा ओटीपी नातू वाचतो, सुनेचा रिपोर्ट दिराकडे येतो, आजोबांचं व्हॉट्सॲप शेजारचा मुलगा उघडून देतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या हातात माहिती जाण्याआधी ती स्वयंपाकघरात पोचलेली असते. दोन्हींची काळजी घ्यायला हवी.

मग करायचं काय?

फोन फेकून द्या असं मी सांगणार नाही. माझ्या एका पेशंटच्या हातातल्या घड्याळानं नाडी अनियमित असल्याची सूचना दिली, तो ईसीजीसाठी आला आणि त्याला खरोखरच एट्रियल फिब्रिलेशन निघालं. या आजारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. वेळेवर औषध सुरू झालं. तेव्हा यंत्र उपयोगी आहेच. औषधासारखंच आहे ते, गुण आहेत तसे दुष्परिणामही आहेत. म्हणून माझं प्रिस्क्रिप्शन असं:

१. दवाखान्यात, लॅबमध्ये, हॉस्पिटलमध्ये नंबर स्वतःचाच द्या. स्वतःचा फोन नसेल किंवा तो घरात सगळे बघत असतील तर स्पष्ट सांगा, "रिपोर्ट कागदावरच द्या, मी येऊन नेईन." यात लाजण्यासारखं काही नाही. जुना नंबर बदलला असेल तर तोही आठवणीनं बदलून घ्या.

२. व्हॉट्सॲपवरचा संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरं आहे. पण पोचल्यावर तो त्या फोनवर असतो आणि फोन कोणाच्या हातात आहे हे व्हॉट्सॲपला माहीत नसतं. आलेले फोटो आपोआप गॅलरीत जाणं सेटिंगमधून बंद करा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा, ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर तुमचं खातं अजून चालू नाही ना.

३. दुसऱ्याचा रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका, काळजीपोटीही नाही. डॉक्टर नातेवाइकाचं मत हवं असेल तर पेशंटला विचारून, नाव झाकून, त्या एकट्यालाच पाठवा.

४. रिपोर्ट एआय चॅटबॉटला दाखवायची पद्धत वाढते आहे. दाखवायचाच असेल तर नाव, वय, नंबर, लॅबचं नाव झाकून दाखवा. त्यानं दिलेलं उत्तर घेऊन माझ्याशी वाद घाला, माझी हरकत नाही. पण तो तुमचा डॉक्टर नाही. आमचे गुप्ततेचे नियम त्याला लागू नाहीत.

५. नवीन ॲप घेतलं की ते काय काय मागतं ते बघा. पावलं मोजायच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? परवानग्या सेटिंगमधून काढून घेता येतात. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांकही पुसून टाकता येतो.

६. पाळीच्या नोंदीसाठी ॲपच पाहिजे असं नाही. मला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना लागतात तीन गोष्टी, पहिल्या दिवसाची तारीख, किती दिवस, रक्तस्राव किती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक बारीक खूण पुरते.

७. औषधाच्या दुकानात "नंबर?" विचारल्यावर "गरज नाही" म्हणता येतं. बिल मात्र जरूर घ्या.

८. जनुकीय तपासणी हौसेखातर करू नका. आजारासाठी गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं करा.

९. आता उलट बाजू. डॉक्टरपासून काही लपवू नका. सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर "डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याशी बोलायचं आहे" एवढंच म्हणा. आणि विम्याचा अर्ज भरताना आजार दडवू नका, पुढे क्लेम नाकारला जाऊ शकतो. खासगीपणा म्हणजे खोटेपणा नव्हे. कोणाला, कधी, किती सांगायचं हे तुम्ही ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्याकडे काय बदललं

पीडीएफ आपोआप जायची सोय मी त्याच आठवड्यात बंद केली. आता काउंटरवर तीन प्रश्न विचारले जातात. हा नंबर कोणाचा? यावर रिपोर्ट पाठवायचा का? फोन केला तर दवाखान्यातून बोलतोय असं सांगायचं का? तिसऱ्या प्रश्नाला "नको" म्हणणारे किती आहेत हे बघून मला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं प्रॅक्टिस करून मला ते माहीत नव्हतं. मनाच्या आजाराचं, एचआयव्हीचं, गर्भपाताशी संबंधित काहीही कागदावरच दिलं जातं, पेशंटच्या हातात. डॉक्टरांच्या ग्रुपवर ईसीजी टाकताना मीसुद्धा कडेला लिहिलेलं नाव झाकत नसे. आता झाकतो. आणि जो पेशंट ठरल्या तारखेला येत नाही, त्याचा नंबर त्याचा स्वतःचा असेल तर आम्ही चौकशी करतो.

ती मुलगी आता बरी आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे नियमित गेली, दीड वर्षानं औषध त्यांच्याच सल्ल्यानं हळूहळू बंद झालं. नवरा नंतर तिच्याबरोबर यायला लागला. तिनं स्वतःचा फोन घेतला आहे, नंबर आमच्याकडे लिहून ठेवला आहे. तरी प्रिस्क्रिप्शन ती अजून कागदावरच मागते. मी काही बोलत नाही, लिहून देतो.

तुमच्या घरात कुणाला बाळंतपणानंतर किंवा एरवीही सतत उदास वाटत असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर थांबू नका. १४४१६ हा सरकारचा 'टेलि मानस' क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आणि पुढच्या वेळी माझ्या किंवा कुठल्याही दवाखान्यात काउंटरवर "हा नंबर कोणाचा?" असं विचारलं, तर राग मानू नका. नाही विचारलं, तर तुम्हीच सांगा.

काळजी घ्या.